शेवटचं पान आधी

आईची शपथ, डोळ्यांची शपथ, माझ्या उरलेल्या दोन दातांची शपथ, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे! खोटं निघालं तर या खुर्चीतून मला उठता येऊ नये. तसंही येत नाही म्हणा, पण ते गुडघ्यांमुळे.

दोघी बहिणी होत्या. थोरली जन्मभर इस्पितळात नर्स. धाकटी पुस्तकं लिहायची, खुनाची. दिसायला अशी की वाटेतली मुंगीसुद्धा ओलांडून जाईल, पण पुस्तकात चार-पाच माणसं गार केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

लहानपणी थोरली वाचायची आणि धाकटी ऐकायची. दोघी जेवणाच्या टेबलाखाली बसून. थोरली पाणी प्यायला थांबली तरी ही तिच्या वेणीला लोंबकळायची. "मग? ताई, मग?" वाचनाचं वेड म्हणतात ते एवढंच हो. बाकी सगळी सोंगं.

पुढे धाकटी स्वतः लिहायला लागली, आणि त्या वेडाचं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. शिंप्याला लग्नाला नेऊन बसवा, त्याला नवरी दिसत नाही, तिच्या कपड्यांची शिवण दिसते. तशी गत. तिची कामाची रीतही उफराटी. शेवटचं पान आधी लिहायचं, ते टाचणीनं भिंतीला टोचायचं, आणि मग गोष्ट त्याच्याकडे हाकत न्यायची, गुरं गोठ्याकडे नेतात तशी. ही सवय इतकी मुरली की दुसऱ्याचं पुस्तक हातात आलं तरी आधी शेवटचं पान. "पोचलाय कुठे ते बघू, मग कसा पोचला ते बघते." वाचायची ढीगभर. पोट मात्र रिकामंच.

तर थोरलीला ताप आला, आणि त्या तापात तिचे डोळे गेले. समोर कायम दूध सांडल्यासारखं पांढरं. उशाशी एक जाडजूड कादंबरी अर्धी वाचून पालथी पडलेली. धाकटी बॅग घेऊन तिच्याकडे राहायला आली. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर जिना, शेवटच्या मजल्यावर थोरलीची खोली.

पहिल्याच दुपारी थोरली म्हणाली, "ती कादंबरी वाच गं. नावाडी बेपत्ता झालाय, माझा जीव टांगणीला लागलाय."

धाकटीनं पुस्तक उचललं, सवयीनं आधी शेवट उघडला, मग सुरुवात चाळली, आणि तोंडातून निसटलंच. "अगं, नावाड्यानंच केलंय सगळं. नाहीतर सुरुवातीला त्याच्या टोपीचं एवढं वर्णन कशाला केलं असतं?"

थोरलीनं पांघरुणावरचा हात आत घेतला.

दुसरं पुस्तक आणलं. "ही विधवा मरणार, बघ तू." मेली. तिसरं आणलं, त्यातली फालतू वाक्यं धाकटी गाळूनच वाचायला लागली. थोरली ऐकायची, मान हलवायची. पण "मग?" म्हणून विचारीना. आधी वाटलं दमली असेल. मग ताट परत जायला लागलं. पहिल्यांदा अर्धं. पुढे पुरतं.

"ताई, दोन घास तरी खा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? औषध घ्यायचंय ना."

"तू वाचत नाहीस गं," थोरली भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तू चिरफाड करतेस. शवागारात काम केलंय मी, मला तो वास कळतो. आणि एक सांगू? आयुष्यभर माणसं जाताना बघितली. आधी माणसाचे प्रश्न जातात. मग भूक जाते. श्वासाला काय, सगळ्यात शेवटी कळतं."

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. कारण बहिणीचे प्रश्न तर गेलेच होते, भूकही निघाली होती.

मग तिनं एक केलं, जे जन्मात केलं नव्हतं. पुस्तक बाजूला ठेवलं आणि शेवट माहीत नसताना गोष्ट सुरू केली. हातापायाला घाम सुटला होता बाईच्या, पट्टीच्या पोहणाऱ्याला विहिरीचा तळ दिसेनासा झाल्यासारखा. जे समोर दिसलं तेच घेतलं.

"एक इमारत होती. अशीच. खाली घड्याळांचं दुकान. एके दुपारी एक माणूस जिन्यापाशी येऊन उभा राहिला. बाहेर कडकडीत ऊन, आणि याचे बूट मात्र ओलेचिंब."

मग भिंतीकडून आवाज आला, "मग?"

त्या दुपारी थोरलीनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

रोज दुपारी गोष्ट थोडी पुढे जायची आणि तो माणूस थोडा वर यायचा. कोण होता, कोणाकडे निघाला होता, धाकटीला ठाऊक नव्हतं. थोरली उठून बसायला लागली, गालांवर रंग आला. "हातात काय आहे गं त्याच्या?" "दिसत नाही अजून." "अगं लेखिका ना तू?" "म्हणून काय झालं? त्यानं हात मागे धरलाय!" दोघी खिदळायच्या.

आणि एके दिवशी हसता हसता धाकटी थांबली. जिन्यावर पाऊल वाजलं होतं. चपचप. ओल्या बुटाचं. एकदा वाजलं आणि थांबलं, नेमकं गोष्ट थांबली होती तिथेच.

ती धावत खाली गेली. घड्याळवाले काका दुकानाच्या दारातच, डोळ्याला भिंग लावून बसलेले.

"काका, आत्ता वर कोण गेलं?"

"वर? कुणी नाही. मी सकाळपासून इथेच चिकटलोय. मुंगी गेली असती तरी तिची वेळ सांगितली असती." मग भिंग काढून म्हणाले, "बाकी ताई बऱ्या दिसतात. हसणं ऐकू येतं खालपर्यंत."

जिना चढताना तिनं दुसऱ्या मजल्यावरची फरशी बघितली. ओली होती. आता फरशी काय, कुणी पुसली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण अंगावर काटा आला तो आलाच. गोष्ट आता संपवलेली बरी. तिनं लगोलग शेवटचं पान लिहिलं, भिंतीला टोचलं, आणि दुसऱ्या दुपारी चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलं, "मग त्या माणसाला वाटलं आपली इमारत चुकली. तो मागे फिरला आणि निघून गेला. संपलं."

"खोटं," थोरली म्हणाली.

"खोटं काय त्यात?"

"हे तू ठरवून आणलंस. मला वास येतो म्हटलं ना." आणि ती आडवी झाली. ताट आलं तसं गेलं. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा नको. तळपाय गार पडले, आणि गार तळपायांचा अर्थ काय ते नर्सच्या बहिणीला सांगावं लागत नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. धाकटीनं भिंतीवरचं पान उपटलं, बोळा केला आणि कॉटच्या काठावर बसली.

"ताई, तो गेला नाही. खाली जाऊन पुन्हा वळला. आता भराभर चढतोय."

"मग?"

जिन्यात चपचप.

"आपल्या मजल्यावर आलाय. दारापाशी थांबलाय."

"मग?" थोरली उठून बसली होती. न दिसणारे डोळे दारावर.

दारावर थाप पडली. सावकाश.

"मग? बोल ना गं!"

"मला माहीत नाही, ताई. देवाशप्पथ माहीत नाही."

"अगं बावळट, मग जाऊन बघ!"

धाकटीच्या पोटात काहीतरी वळवळत होतं, टेबलाखालचं, वेणीला लोंबकळायचं. भिऊन अर्धमेली झाली होती बाई, तरी त्या दाराशिवाय तिला दुसरं काही सुचेना. किती वर्षांनी पुढचं कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय राहवत नव्हतं! तिनं कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं. रिकामा जिना, आणि खालून घड्याळांची टिकटिक. दोघी पोट धरधरून हसल्या, आणि थोरलीनं जेवायला मागितलं.

तेव्हापासून धाकटीनं शेवटचं पान आधी लिहायचं सोडलं. दुसऱ्याचं तर उघडतच नाही. दुपारी थोरलीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवते, अडखळते, रडतेसुद्धा. थोरली ठणठणीत आहे. फक्त घड्याळवाले काका म्हणतात, वर वाचणारीचा आवाज एकच येतो, पण "मग?" विचारणारे दोन ऐकू येतात. आता त्यांचे कान, टिकटिक ऐकून ऐकून कामातून गेलेले!

तर अशी ही गोष्ट. सगळी खरी. डोळे खरे, ताप खरा, ओली फरशी खरी. एवढं एक मात्र माझ्या पदरचं घातलं, तुम्हाला झोप लागावी म्हणून: बाहेर कुणी नव्हतं, ते.