पाहुण्याची भाषा

साव्हेरियो अंगणात आला आणि बायकोचं हसणं थांबलं. क्षणापूर्वी सेराफिना आणि सुतार अतानास आर्बरेशमध्ये, इटलीतल्या या डोंगरी गावाच्या जुन्या अल्बेनियन बोलीत, खिदळत होते. आता दोघंही इटालियनमध्ये वाइनच्या गळक्या पिंपाबद्दल बोलू लागले.

गावाची रीतच ती. लितीर, म्हणजे आपल्यातला नसलेला माणूस, समोर आला की त्याला कळेल असं बोलायचं. साव्हेरियो किनाऱ्यावरून या डोंगरात घरजावई होऊन आला, त्याला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं गाव त्याचा मान राखत होतं आणि त्या मानाने त्याला जीव नकोसा झाला होता. सेराफिना शेजारणीशी, पाद्रीबाबांशी, अगदी कोंबड्यांशीही आपल्या बोलीत बोलायची. नवऱ्याशी मात्र इटालियन, तेही जपून, अहो-जाहो करत. अतानासला ती अरे-तुरे करायची. लग्नाआधी याच अतानासचं स्थळ तिला आलं होतं, हे साव्हेरियो एक दिवसही विसरला नव्हता.

ऐकून ऐकून बोली त्याला केव्हाच कळू लागली होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने एकदा, चुकून का होईना, आपल्याशी तिच्या भाषेत बोलावं, मग आपणही त्याच भाषेत उत्तर द्यावं, एवढीच त्याची आस होती.

आज मात्र त्याचं डोकं फिरलं. पिंपाचं मी बघतो, उद्यापासून येऊ नकोस, असं त्याने अतानासला तोंडावर सांगितलं. अतानासने हत्यारं गोळा केली आणि तो निघून गेला.

सेराफिनाला संताप आवरेना. ती बोलू लागली, ती थेट आर्बरेशमध्ये. नवऱ्याकडे बघून, त्याच्याशीच. साव्हेरियोला आनंदाने गहिवरून आलं. तो उत्तराचं पहिलं वाक्य जुळवू लागला.

"कशाला तुझ्या पदरात पडले मी?" ती म्हणत होती. "माझ्याच घरात तोंडाला कुलूप लावून बसलेय. अतानासशी लग्न केलं असतं, तर निदान मनासारखं भांडता तरी आलं असतं."

जुळवलेलं वाक्य त्याने गिळलं. आपल्याला कळलं हे तिला कळलं, तर या घरात पुन्हा एकमेकांकडे बघायचं कसं?

"काय म्हणालीस?" त्याने इटालियनमध्ये विचारलं.

तिने डोळे पुसले. "काही नाही हो. हात धुऊन घ्या, जेवायला वाढते."