खंडेनवमीचं पाकीट

शिव्या देणारा माणूस परवडला, तुम्हाला सांगते. त्याला निदान उलटून बोलता येतं. आमचे धनराजशेठ पाच वर्षांत माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत. सदा आपलं 'बेटा', 'चहा घेतलास का', 'नानांची तब्येत कशी आहे'. अशा माणसाशी भांडायचं कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अंबडला त्यांची टूलरूम होती. पत्र्याचे पार्ट ज्या डायमधून कापून-वाकवून निघतात, त्या डाय आम्ही बनवायचो आणि त्यांचं डिझाईन मी करायचे. डिप्लोमा झाल्या झाल्या तिथे लागले. शेठनी मला डिझाईनच्या कोर्सला स्वतःच्या खर्चाने पाठवलं, त्या बदल्यात तीन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवली. बॉण्ड दोन हजार तीनच्या पावसाळ्यात संपला. मी सर्टिफिकेटं मागितली की ते म्हणायचे, "तुझीच आहेत बेटा, कधीही ने. आज नेमकी चावी घरी राहिली बघ." ती चावी रोज घरीच राहायची.

आणि काम काय, तर वॉशर. वॉशरच्या डाय, नाहीतर जुन्या डायची डागडुजी. शिकले होते मी प्रोग्रेसिव्ह डाय, म्हणजे पत्र्याची पट्टी एका बाजूने आत घालायची आणि टप्प्याटप्प्याने कापत, वाकवत दुसऱ्या बाजूला तयार पार्ट पडायचा. शेठकडे तसलं काम वर्षाकाठी एखादं यायचं. त्यात सप्टेंबरात पेपरला जाहिरात आली, चाकणच्या एका कंपनीला प्रोग्रेसिव्हचाच डिझायनर हवा होता. मी ती जाहिरात इतक्या वेळा वाचली की आई म्हणाली, "स्थळ आलंय का गं पेपरात?"

बायोडाटा घेऊन मी इंदिरानगरला तृप्तीकडे गेले. तृप्ती माझी कॉलेजातली मैत्रीण, पुण्याला नोकरीला होती आणि शनिवार-रविवार घरी यायची. तिने पहिलं पान बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"भाग्यश्री, हा लग्नाचा बायोडाटा आहे."

तसा होताच. वर 'श्री', मग वडिलांचं नाव, गाव मखमलाबाद, जन्मवेळ, उंची, भावंडं. त्यातलं निम्मं नानांचं. नाना म्हणजे माझे वडील, कोंडाजी, आमचा मळा झेंडू-शेवंतीचा. मी त्यांचं नाव पानाच्या खाली टाकलं होतं, तर म्हणाले, "बापाचं नाव खाली? तू काय आभाळातून पडली?" मग काय, घेतलं वर.

तृप्तीने सगळं खोडलं. "'डाय डिझाईनचा अनुभव आहे' म्हणजे काय गं? हे तर कोणीही लिहील. कोणती डाय, कुठल्या पार्टची, आधी काय बिघडत होतं, तू काय बदललंस, ते बोल. मी टाईप करते."

"बिजागरीची केली होती एक. पट्टी सारखी अडकायची, पत्रा कापणारे पंच मोडायचे. मी कापायचा क्रम बदलला."

"मग?"

"मग थांबलं मोडायचं. अजून चालू आहे ती डाय."

"अगं बये! आणि हे तू चौथ्या पानावर, रांगोळीच्या छंदाशेजारी लपवून ठेवलंस?"

चार पानांचं एक पान झालं. जाहिरातीत जे मागितलं होतं ते वर आलं, रांगोळी गेली, उंची गेली. प्रिंटरमधून पान बाहेर आलं ते मी वाचलं आणि खोटं नाही सांगत, मला रडू आलं. एवढं सगळं मी केलं होतं आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. तृप्ती म्हणाली, "आता ऐक. रेफरन्समध्ये शेठचं नाव नको. सर्टिफिकेटं हातात पडेपर्यंत तिथे कोणाला वाससुद्धा लागू देऊ नकोस."

पाकीट मी नानांकडे दिलं, कारण माझी ड्युटी सुटेपर्यंत पोस्ट बंद व्हायचं आणि नाना रोज फुलं घेऊन शहरात जायचे. वर चाकणचा पत्ता, खाली माझं नाव. सांगितलं, "नाना, हे रजिस्टर करायचं. आणि कोणाला बोलायचं नाही, अगदी कोणालाच."

"नाय बोलत," नाना म्हणाले. "एवढं कळतं मला."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी मशिनं धुऊन-पुसून पूजेला मांडायची. ड्रिलला हार, लेथला हार, मोजमापाचा व्हर्नियरसुद्धा तबकात. पाच वर्षं हे सगळे हार नाना स्वतः ओवून आणायचे, पैसे घ्यायचे नाहीत. "पोरीच्या जागेला माझी फुलं," म्हणायचे. त्या दिवशीही पहाटे आले, हार घालून गेले, आणि आरतीला शेवटी दाराशी उभे राहिले.

शेठ एकेका मशिनीला हळदकुंकू लावत आमच्या डिझाईन रूममध्ये आले. माझा कॉम्प्युटर झेंडूने नुसता झाकून गेला होता. शेठनी कुंकू लावायला फुलं जरा बाजूला सारली, आणि खाली पाकीट. चाकणच्या कंपनीचा पत्ता वर, माझं नाव खाली. मी नारळ हातात धरून उभी.

शेठनी ते वाचलं. सावकाश वाचलं. मग त्याच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि वळून नानांच्या हातात दिलं. "काका, वेळेत टाका बरं का पोस्टात. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे." सगळ्या कामगारांसमोर. आणि मला पेढा दिला.

बाहेर आल्यावर मी नानांवर इतकी ओरडले, इतकी ओरडले, की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. "कोणाला सांगू नका म्हटलं होतं ना? म्हटलं होतं ना तुम्हाला?"

नानांना कळेचना. "मी कुठं कोणाला सांगितलं? आज समदे आपापलं हत्यार पुजतात. माझी खुरपी पुजली, तुझ्या आईची विळी पुजली. तुझं हत्यार म्हणजे तो कागद. घटकाभर मशिनीपाशी ठेवला, आरती झाली की उचलणार व्हतो. मशीन काय बोलते व्हय?"

त्यांनी ते पाकीट त्याच दुपारी पोस्टात टाकलं. कुंकू पुसूसुद्धा दिलं नाही.

आणि गंमत बघा, तेच पाकीट चाकणला पोचलं आणि दसऱ्यानंतर आठवड्याभरात मला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. खाली एक ओळ होती, सर्व मूळ प्रमाणपत्रे सोबत आणावीत.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. "सर, माझी सर्टिफिकेटं."

"अगं हो की! पण कपाट रंगवायला काढलंय ना दिवाळीसाठी, कागद सगळे भावाकडे मुंबईला पाठवलेत. दिवाळीनंतर लगेच."

"मला परवा लागतात सर."

"अरेरे," शेठ म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "आधी सांगायचंस ना बेटा."

कपाट त्यांच्या पाठीमागेच होतं. जुनाच हिरवा रंग, चावी कुलपाला लटकलेली. मी त्या चावीकडे बघत होते आणि मी त्या चावीकडे बघतेय हे ते बघत होते. मनात आलं, हात पुढे करावा आणि उघडावं. नाही झाला हात पुढे. 'थँक यू सर' म्हणून बाहेर आले, आणि त्या थँक यूची मला आजही चीड येते.

चाकणला झेरॉक्स घेऊन गेले. तिथल्या साहेबांच्या हातात तृप्तीने टाईप केलेलं ते पान होतं, कडेला हळदीचा डाग. त्यांनी बिजागरीचंच विचारलं. मी कागद मागून घेतला आणि क्रम काढून दाखवला. ते खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या पट्टीवरच बोलत राहिलो. इतकं सुखाचं बोलणं माझ्या कामाबद्दल माझ्याशी कोणी केलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मला तुम्ही हव्या आहात. ओरिजिनल तेवढे ऑफिसात दाखवा."

ऑफिसातली बाई वाईट नव्हती. तिने आठ दिवस दिले. म्हणाली, नियमाबाहेर जाऊन देतेय.

त्या आठ दिवसांत काय नाही केलं! डुप्लिकेट काढायला गेले, तर आधी हरवल्याची पोलीस तक्रार आणा, मग काही महिने लागतील. पोलीस म्हणाले, हरवलेली नाहीत ना, मग कसली तक्रार? मालकाशी गोडीने घ्या. गोडीने! मला न सांगता नाना शेठच्या घरी गेले, शेवंतीची टोपली घेऊन. शेठनी त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "काका, लेकीला एकटीला परगावी पाठवायची एवढी काय घाई आहे तुम्हाला?" नाना परत आले, एवढंच सांगितलं आणि मळ्यात निघून गेले. टोपली तेवढी रिकामी होती.

आठ दिवस झाले. मी चाकणला फोन केला. ती बाई म्हणाली, "सॉरी हं, दुसऱ्या कॅंडिडेटला लेटर गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर तुमचं विचारत होते." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नानांना मात्र जागा गेल्याचं सांगितलं नाही.

पाडव्याला शेठ स्वतः आमच्या मळ्यावर आले. मिठाईचा बॉक्स, आणि त्याच्यावर प्लास्टिकच्या फाईलमध्ये माझी सर्टिफिकेटं. एक कागद इकडचा तिकडे झालेला नव्हता, घडीसुद्धा नव्हती. "घे बेटा, मी म्हटलं होतं ना, दिवाळी झाली की लगेच. सोमवारी लवकर ये, वॉशरची मोठी ऑर्डर आहे." आईने त्यांना फराळाचं ताट दिलं. काय करणार, दारात आलेल्या माणसाला दिवाळीत उपाशी कसं पाठवायचं? मीच पाणी नेऊन दिलं.

ते गेले. नानांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग फाईल उचलली. दोन्ही हातांनी छातीशी धरली. घरात शिरले आणि चप्पल घालूनच बाहेर आले.

"मिळाले ना ओरिजनल? आण एक पाकीट, पत्ता लिही," ते म्हणाले. "आत्ता रजिस्टर करतो. देवाची आण, भागे, ह्या टायमाला मधी कुठंच थांबत नाय."

पाडव्याला पोस्ट बंद असतं. तेवढंच मी त्यांना सांगितलं.