कानाला लागलेला हात

वाढीला आमच्याकडं शब्दांचा तोटा न्हाई. ऊस फोफावतो. गाजरगवत बोकाळतं. हरभरा तरारतो. सोयाबीन माजलं म्हणतात तवा समजायचं, कंबरेइतका पाला आन् शेंगेचा पत्ता न्हाई. पोरगा वाढला तर अंगानं भरला म्हणतात आन् त्याच्या भाकरीवर तूप जास्त पडतं. पोरगी वाढली की मात्र उफाड्याची. तो शब्द कानावर आला की आईनं ओळखावं, आता पाव्हणे येणार.

माझी प्रतिक्षा उफाड्याची. तिच्या वाढीपायी मी एक चूक केली. ती मीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगितलेली मला खपायची न्हाई.

सत्त्याण्णव सालचा जून होता. तवा आमचा जिल्हा परभणीच होता. प्रतिक्षाला घेऊन मी गावच्या शाळेत गेले. जन्माची नोंद कुणाकडं असायची तवा? गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घे आन् पलीकडचा कान धर. कान हाती आला की लेकरू शाळेजोगं झालं. प्रतिक्षाला पाच वर्षंही पुरी न्हवती. संगं माझ्या दिराचा, तातेराव भाऊजींचा, माऊली होता. प्रतिक्षा ब्याण्णवच्या पोळ्याच्या दिवशीची आन् माऊली तिच्या मागून चार दिवसांनी. एका खोलीत दोन बाळंतिणी होतो आम्ही जावा-जावा.

माऊलीची बोटं टाळूच्या जराशी पुढं जाऊन थांबली. प्रतिक्षाची कानाच्या वर आली, दोन बोटं कमी पडली. मी मागून तिची मान जरा तिरपी दाबली. लागला की हात!

"लई थोराड हाय हो पोरगी," गुरुजी म्हणाले आन् सात वर्षं पुरी लिहून मोकळे झाले. जन्मतारीख एक जून नव्वद. माऊलीला घरी धाडलं, तो दोन वर्षांनी दाखल झाला. आन् मी गावभर मिरवलं, जावेच्या पोराआधी माझी पोरगी शाळेत गेली म्हणून. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

दोन हजार आठच्या जूनमधी तातेराव भाऊजी कळमनुरीचं स्थळ घेऊन आले. पोराचं खताचं दुकान, घरी दहा एकर. मी म्हणलं, "यंदा तिची बारावी हाय. आन् पोरगी पंधरा वर्षांची हाय."

आमचे मालक, उकंडराव (घेतलं नाव, घेतलं!), म्हणाले, "कागदात अठरा भरले. आता कुणी बोट दाखवणार न्हाई."

"तो कागद खोटा हाय. मीच मान दाबली होती तिची."

"मग गप बस. चारचौघांत सांगशील तर तुझंच हसं होईल."

ते खरं होतं. त्या भीतीनं मी आठ दिवस तोंड शिवून बसले.  प्रतिक्षा पुस्तक उघडायची आन् एकाच पानावर बसायची. 

रविवारी पाव्हण्यांची जीप आली. पोहे झाले. पोराच्या आईनं प्रतिक्षाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "उफाड्याची हाय. लेक आन् उकिरडा, वाढायला येळ लागत न्हाई म्हणतात ते काय खोटं न्हाई."

"उकिरड्यावर समदं गाव आणून टाकतं, म्हणून तो वाढतो," मी म्हणलं. "माझी लेक माझ्या घरचं खाऊन वाढली."

मालकांनी डोळे वटारले. पोराच्या बापानं विचारलं, "वयाचं बराबर हाय ना? उद्या तकलीफ नको." भाऊजींनी शाळेचा दाखला पुढं केला. त्यानं वाचला, मान हलवली. "पुरी अठरा."

तेवढ्यात माऊली चहाचे कप घेऊन आला. त्याला बघितलं आन् माझी भीती कुठल्या कुठं पळाली.

"भाऊजी," मी म्हणलं, "माऊलीसाठी पण एखादी पोरगी बघा की."

सगळे हसले. माऊली लाजून आत पळाला. भाऊजी म्हणाले, "काय वैनी, गंमत करून राहिल्या का? मिसरूड फुटलं न्हाई त्याला. लेकरू हाय अजून."

"किती वर्षांचं लेकरू?"

"पोळ्याला सोळा व्हतील."

"पोळ्याला न्हाई, पोळ्याच्या मागून चार दिवसांनी. त्याच्या वक्ताला तुमी गाडी जुंपून सुईण आणली. आन् त्याच्या आधी?"

भाऊजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सांगा ना. सण होता, बैलांच्या मानेवर जू ठेवायचं न्हवतं. तुमी चिखल तुडवत पायी गेलता सुईणीला आणायला. कुणासाठी?"

 भाऊजी तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणारा माणूस न्हाई तो. "प्रतिक्षासाठी," म्हणाले.

"मग चार दिवसांनी धाकटं ते लेकरू, आन् चार दिवसांनी मोठी ती बाई कशी झाली?"

मग मी सगळंच सांगितलं. कान, मान, गुरुजी, माझं मिरवणं. पोराच्या बापानं कप तसाच खाली ठेवला. "असल्या भानगडीत आमी पडत न्हाई," म्हणाला आन् उठला. जीप गेली. मालक शेताकडं निघून गेले.

मोरीवर प्रतिक्षा कप विसळत होती. मी जवळ जाऊन बसले. तिनं वर बघितलं न्हाई.

"आई, त्या दिवशी मान दुखली होती माझी. मला आठवतं. मी म्हणलं होतं, आई दुखतंय. तू म्हणलीस, जरा ताण, झालंच."

मला रडू आलं. "मला मिरवायचं होतं गं," मी म्हणलं.

तिनं शेवटचा कप पालथा घातला.

"आता कुणी ताण म्हणलं तर ताणू नको," मी म्हणलं. "मी म्हणलं तरी न्हाई."