क्लास हे नाव चालणार नाही

मला शिकवता येत नाही. कंपनीत नव्या पोरांनी एकच गोष्ट दोनदा विचारली की माझं डोकं फिरतं. तरी त्या रविवारी मी बंगळुरातल्या जयनगरहून बसवनगुडीला आत्याकडं गेलो, कारण तिनं फोनवर विनवणी केली नव्हती, हुकूम सोडला होता.

पद्मावती आत्या म्हणजे घरात सगळ्यांची पद्मक्का. जन्मभर जवळच्याच एका शाळेत गणित शिकवत आली. यंदा गणिताचे तास धाकट्या मिसकडं गेले. उरला कॉम्प्युटर, तोही विषय बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. हेडमास्तर गिरीराज सरांनी एवढंच कबूल केलं, की पद्मक्कानं शनिवारी आठवीला प्रोग्रॅमिंगचा एक तास घेऊन दाखवावा. जमला तर विषय तिचा. नाही जमला तर जूनपासून तिला वर्ग नाही, लायब्ररीत बसायचं.

"पुस्तकांवरची धूळ झाडायला मी नाही जात," ती म्हणाली. "शिकव."

तिनं निकालाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिल्या ओळीत क्लास बरोबर आठ, दुसरीत पास बरोबर पस्तीस. मास्तरीणबाई दुसरं काय लिहिणार! स्क्रीनवर लाल अक्षरांत चूक उमटली.

"काय चुकलं? इयत्ता आठवी आहे, पस्तीसला पास आहे."

"हे शब्द प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवलेत, पद्मक्का. असे बरेच आहेत. ती नावं आपण दुसऱ्या कशाला द्यायची नाहीत."

"का म्हणून?"

"नियम आहे म्हणून," मी खेकसलो.

"हे उत्तर मी आजवर एकाही पोराला दिलेलं नाही. स्वल्प, जरा नीट सांग की रे, अभिजीत."

झक मारत सांगावं लागलं. इफ अट तपासतो. व्हाइल ती अट खरी आहे तोवर तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतो, आणि ब्रेक त्या चक्रातनं बाहेर काढतो. रिटर्न उत्तर घेऊन परत येतो. क्लास म्हणजे साचा. पास मात्र काहीच करत नाही. जिथं काहीतरी लिहिणं भाग आहे पण काय ते अजून ठरलेलं नाही, तिथं तो नुसती जागा धरून बसतो.

"सरी, बरोबर! म्हणजे बसच्या सीटवर टाकलेला रुमाल!"

इतकी वर्षं हा शब्द लिहितोय, पण तो मला असा कधी दिसला नव्हता. बाई हुशार आहे, हे मनात आलं आणि मी ते बोलूनही टाकलं. "ते मला माहीत आहे, पुढं चल," ती म्हणाली.

शनिवारी प्रोजेक्टर सांभाळायच्या निमित्तानं मी वर्गात मागच्या बाकावर बसलो. शेजारी गिरीराज सर आणि त्या बाहेरच्या कंपनीचा मकरंद. सुरुवात झकास झाली, रुमालावर पोरं खूश झाली. मग पद्मक्का निकालाचा प्रोग्रॅम लिहायला वळली आणि सवयीनं तिच्या बोटांनी तेच लिहिलं, क्लास बरोबर आठ. पडदाभर लाल अक्षरं. मकरंद गालातल्या गालात हसला.

पहिल्या बाकावरची अमृता उठली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मिस, आम्ही क्लासमध्येच बसलोय. मग क्लास लिहिलेलं का चालत नाही?"

पद्मक्कानं पडद्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. "तुझी आज्जी आजोबांना नावानं हाक मारते?"

"नाही मिस. 'री' म्हणते." म्हणजे आपलं 'अहो'.

"मीही यजमानांचं नाव घेत नाही. आमच्याकडं एक दूधवाला त्याच नावाचा आला, तर मी त्याला गोविंदा म्हणायला लागले. बिचारा अजून गोविंदाच आहे." पोरं खिदळली. "नाव वाईट आहे म्हणून नव्हे. त्या नावाला घरात आधीच एक माणूस आहे. ते निघालं की कुणाचं, हा प्रश्नच पडू नये. क्लास हा शब्द असाच. त्याला या भाषेत आधीच काम आहे, म्हणून दुसऱ्याला ते नाव द्यायचं नाही."

"मग ते नाव कधीच घ्यायचं नाही?"

"घ्यायचं की! उखाण्यात घ्यायचं." तिनं क्लास हाच शब्द दोन अवतरणचिन्हांच्या आत लिहून कॉम्प्युटरला छापायला सांगितला. पडद्यावर तो गुमान उमटला. "या चिन्हांच्या आत शब्द आपलं काम करत नाही, नुसता बोलला जातो. तिथं कुठलाही शब्द चालतो."

"मग मिस, उखाणा!" सगळा वर्ग ओरडला. पद्मक्का लाजली. तिला लाजताना मी प्रथमच पाहिलं. मग तिनं पदर सावरला आणि मराठीतच म्हणाली,

"फळ्यावर लिहिता लिहिता खडू लागला बोटाला,
श्रीहरींचं नाव आज वर्गात आलं ओठाला."

पोरांना अर्थ किती कळला कोण जाणे, पण बाकं दणाणली. आणि खरं सांगतो, पहिली टाळी मकरंदनं वाजवली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मीही पोरांबरोबर बाक बडवला. जे मी 'नियम आहे' म्हणून संपवलं, ते तिनं त्या पोरांच्या घरात नेऊन ठेवलं होतं.

"जूनपासून आठवी तुमच्याकडं," गिरीराज सर म्हणाले. "नववीचंही बघा."

व्हरांड्यात येताच तिनं घरी फोन लावला. श्रीहरीकाकांचा आवाज मुळातच मोठा, मलाही ऐकू येत होता.

"अहो, मिळाली आठवी."

"मिळणारच. काय शिकवलंस?"

"तुमचं नाव घेतलं. भर वर्गात."

आता काका चिडतात की काय, असं मला वाटलं.

"मग आता घे की," काका म्हणाले. "लग्नात घेतलंस तेव्हा वाजंत्री चालू होती. मला ऐकूच आलं नव्हतं."

पद्मक्कानं हातानंच मला पुढं व्हायला सांगितलं.