रुग्ण क्रमांक अकरा

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कोंढ्याच्या बाजाराच्या मैदानावर सकाळी नऊलाच मांडव भरला. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावांतूनही लोक जीप भरून आले होते. कोणाच्या हातात एक्स-रे, कोणाच्या पिशवीत नागपूरच्या दवाखान्याची फाईल. मंचामागे भलामोठा फलक होता: 'कर्करोग संशोधक डॉ. अंकुश. ३१२ शोधनिबंध. जगभरात ४१०० उल्लेख.' म्हाताऱ्या बायका त्या फलकालाच हात जोडत होत्या.

"देव कोनं पाह्यला? माह्याजवळ पुरावा हाये!" अंकुश माइकवर गरजला. "अमेरिका, जपान, सारे मले वाचून राह्यले. हे झाडीअमृत पेशीच्या आतल्या पेशीत जाते अन् गाठीले म्हनते, चाल, निघ भाएर!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मी मंजुषा, पवनीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. अंकुश माझा वर्गमित्र. एखाद्याचा निबंध उपयोगी पडला की दुसरे संशोधक आपल्या निबंधात त्याचा उल्लेख करतात आणि उल्लेख वाढतील तसा मान वाढतो, हे मीच त्याला कधीकाळी ग्रंथालयात बसून समजावलं होतं. आपल्या मातीतला मुलगा एवढा मोठा झाला, म्हणून त्याच्या निबंधांची यादी मी कॉलेजच्या फळ्यावर लावली होती. माझ्या आत्याच्या, राधाबाईच्या, छातीत गाठ निघाली तेव्हा हीच यादी मी तिला वाचून दाखवली. तिने नागपूरचं ऑपरेशन सोडलं आणि झाडीअमृताचे थेंब सुरू केले.

कोंढ्यात आत्याच्या शेजारची रुखमा त्याच थेंबांवर असताना पोळ्याआधी गेली होती. मी अंकुशला विचारलं होतं. "उशिरा आली होती गं," तो म्हणाला. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी त्याच्या निबंधांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि मी पहिल्यांदा ते उघडून वाचले. एकच मजकूर नवनव्या मथळ्यांखाली सतरा वेळा छापलेला. निम्मे निबंध एकाच नियतकालिकात, त्याचा संपादक अंकुश, पत्ता त्याच्याच भंडाऱ्यातल्या दवाखान्याचा. मी दोनशे उल्लेख तपासले. एकशे नव्वद त्याचे स्वतःचे आणि त्याच्या तीन सोबत्यांचे. हे त्यांना थोर म्हणत होते, ते ह्यांना. चार माणसं एका खोलीत बसून एकमेकांचा जयजयकार करत होती आणि आम्ही बाहेर उभे राहून त्याला जग समजत होतो.

मग डिसेंबरचा निबंध वाचला. 'रुग्ण क्रमांक अकरा. कोंढ्याची महिला, वय छप्पन, मळणी यंत्रात डावा अंगठा गमावलेली. दोन वर्षांच्या उपचारानंतर पूर्ण रोगमुक्त. धानकापणीला जाते.'

कोंढ्यात डावा अंगठा नसलेली बाई एकच होती, रुखमा. मी तो कागद घेऊन रुखमाच्या नवऱ्याकडे, जागेश्वरभाऊंकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

अंकुशच्या पुढच्या सभेत आम्ही दोघे पहिल्या रांगेत बसलो. मी उभी राहिले, उल्लेखांचा हिशेब मांडला. अंकुश हसला.

"मंजू, तुले जळन होऊन राह्यली. बरे झालेले रोगी खोटे हायेत का?"

"अकरा नंबरची बाई कोन?" जागेश्वरभाऊंनी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. नियम असते."

"मी सांगतो. तिचा अंगठा माह्या डोळ्यासमोर तुटला. होळीले तुही दवा सुरू केली, पोळ्याच्या आधी मी तिले जाळलं. दोन वर्सं कोठून आनले रे? अन् मेलेली बाई कोनाचं धान कापून राह्यली?"

अंकुशने माइक ठेवला, माझ्याकडे पाहिलंही नाही. एका बाईने आपला एक्स-रे उचलला आणि चालू लागली. तिच्यामागे बरेच उठले. तरी काही जण बाटलीसाठी रांगेत थांबलेच. निबंध आणि जागेश्वरभाऊंचा जबाब आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला. चौकशी सुरू आहे.

आत्याचं ऑपरेशन झालं. गाठ काखेपर्यंत गेली होती. "चार महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मी तिच्या खाटेपाशी रडले, "अंकुशने फसवलं आपल्याला," म्हणाले.

"त्याले मी कोठं ओळखत होतो वं?" आत्या म्हणाली. "मी तं तुह्यावर भरोसा ठेवला."

तिचे उपचार चालू आहेत. तिच्या त्या वाक्यामुळेच हे लिहिते आहे. मोठा आकडा दिसला की विचारा, तो कोणी मोजला? रोगी बरा झाला म्हणतात, तर तो कुठे राहतो? त्याला भेटता येईल का? औषध तपासलं कोणी, आणि तपासणारा औषधवाल्याचा कोण लागतो? डिग्रीला, फलकाला, छापील कागदाला, सगळ्यांना विचारा. आणि सांगणारं माणूस आपलं असेल, शिकलेलं असेल, जीव लावणारं असेल, तर त्यालाही विचारा. मला कोणी विचारलं नाही.