अठ्ठावीस लाल खुणा

थोंगयंगच्या बंदरावरच्या शाळेत बोंग बाई एकोणतीस वर्षं पहिलीला शिकवत होत्या. त्यांना राग लवकर येत नसे. त्या वर्षी मात्र आला, आणि तो टिकला.

त्यांच्या वर्गात सेबोम नावाची मुलगी होती. आजीपाशी राहायची. आजी कालवं फोडायच्या शेडमध्ये कामाला. नोव्हेंबरात सेबोमनं चित्रवहीत लिहिलं: ‘संध्याकाळी आजीची बोटं उघडत नाहीत. मी एकेक उघडते. कालव उघडतात तशी, पण सुरी लावत नाही.’ लिहिलं होतं अगदी कानाला ऐकू येतं तसं. त्यांच्या लिपीत अक्षराच्या पायाशी जोडीनं बसणारी, पण ऐकू न येणारी व्यंजनं तर तिनं सगळीच गिळली होती. पण बाईंनी ते पान तीनदा वाचलं आणि कौतुकानं उपमुख्याध्यापक प्यो सरांना नेऊन दाखवलं.

तिथंच चुकलं, असं त्या पुढं स्वतःला बजावत राहिल्या.

प्यो सरांनी लेखनाच्या मूल्यमापनाचा नवा तक्ता काढला होता: वरची पातळी, मधली, खालची. चूक मोजा, गुण कापा. त्यांनी त्या पानावर अठ्ठावीस लाल खुणा केल्या, खाली लाल शाईनंच, आडनावासकट, ‘चू सेबोम, खालची पातळी’ लिहिलं आणि बाई वर्गात नसताना वही थेट पोरीच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात सेबोमच्या वहीत दोनच ओळी होत्या. ‘आज मी खेळले. मजा आली.’ त्यापुढच्या आठवड्यातही त्याच.

“शिंपल्यांचं सांगत होतीस ना मघाशी? ते लिही की,” बाई म्हणाल्या.

“‘शिंपला’ चुकतो बाई. ‘दगड’ येतो. दगड लिहू?”



प्यो सर मात्र खूश. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा बोंग बाई! अठ्ठावीसवरून शून्यावर! पोरगी थेट वरच्या पातळीत. करा सही.”

“कशावर सही करू?”

“प्रगतीवर.”

“प्रगती?” बाईंचा आवाज चढला. “बोलकी पोर गप्प केलीत तुम्ही, सर! जे येतं तेवढंच लिहायला लागली ती. रस्ता चुकेल म्हणून घराबाहेरच पडायचं नाही, ही प्रगती? मी सही करणार नाही.”

“निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत बाई. कशाला डोक्याला ताप करून घेता?”

“ताप झालाय तो पोरीला!”

दोन दिवसांनी सेबोमची आजी शाळेत आली. कामावरून तशीच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात चित्रवही. तिला वाचता येत नव्हतं, पण नातीचं नाव तेवढं ओळखीचं होतं.

“बाई, हे कुणी लिहिलं? जित्या पोरीचं नाव लाल शाईनं? लाल शाईत मेलेल्याचं नाव लिहितात!”

प्यो सर दारातच उभे होते. “आजी, ती जुनी समजूत झाली. ती फक्त तपासायची शाई...”

“तुमचं नाव लिहू का मास्तर त्या शाईनं? लिहायला येत नाही म्हणून सुटलात!”

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. प्यो सरांचे कान तापले. बाईंनी आजीला बसवलं आणि लाल खुणांकडं न बघता पान वाचून दाखवलं. बोटांचं वाक्य आलं तशी आजीनं हात पदराआड घ्यावेत तसे एप्रनखाली लपवले.

“असं लिहिलंय तिनं?” ती म्हणाली. “मग यात चुकलं काय?”

तक्त्यावर सही प्यो सरांनी स्वतःच केली. बाईंनी सेबोमबद्दल अर्धं पान लिहिलं – काय येतं, काय अजून येत नाही, पुढं काय करायचं – आणि तक्त्याला टाचून टाकलं. सरांनी ते काढलं. बाईंनी पुन्हा टाचलं. त्यांनी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा बाईंनी चार पिना मारल्या, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर सेबोम बाईंशेजारी बसू लागली. आधी तोंडानं सांगायचं, मग लिहायचं, खोडरबर बाईंच्या खिशात. लिहून झालं की दोनच शब्द निवडायचे आणि तेवढेच नीट करायचे. बाकीच्या चुका उद्या, परवा. पहिले नऊ दिवस तिनं दोन ओळींच्या वर काही लिहिलं नाही. बाई तिच्यासमोर हसत, आणि ती गेली की वर्गाची खिडकी धाडकन लावत.

दहाव्या दिवशी तिनं शेडमधल्या मांजरीवर सहा ओळी लिहिल्या. चुका सतरा.

मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा बोंग बाईंची पहिली काढून त्यांना पाचवी दिली. “विश्रांती मिळेल तुम्हाला,” प्यो सर म्हणाले. बाईंनी पाचवीच्या वह्या उघडल्या. तेवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी लिहिलं होतं: आज खेळलो, मजा आली. एकही चूक नव्हती.

बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “चला,” त्या वर्गाला म्हणाल्या, “सगळ्यांचे खोडरबर इकडे आणा.”