मंडळाच्या वहीतलं माझं नाव

सेंट ब्रेंडन मंडळाच्या वहीत फक्त मेलेल्यांची नावं लिहितात, आणि त्यांत माझंही नाव आहे. मॅलकी गिलफॉइल, अग्निशमन दल, १७ मार्च १९६१. तेव्हाच्या चिटणिसाच्या, हॅकेट म्हाताऱ्याच्या, वळणदार अक्षरात, काळ्या शाईत. मी जिवंत आहे. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे.

वहीत एकदा चढलेलं नाव खोडायचं नाही, हा आमच्या मंडळाचा पहिला नियम. आमचे आजे आयर्लंडहून या बफेलो शहरात उतरले तेव्हा आग विझवणं आणि चोर पकडणं ही दोनच कामं अशी होती, जी दुसऱ्या कुणाला नको होती. ती आम्ही घेतली, आणि त्यांत मरायलाही लागलो. मेलेल्याला नीट पुरावं, त्याच्या बायकापोरांकडे कुणीतरी बघावं, म्हणून पोलिसांनी आणि बंबवाल्यांनी मिळून हे मंडळ काढलं. शहरानं आमची नावं इतक्या याद्यांमधून उडवली होती, की आपल्या वहीतून तरी कुणी उडवू नये, असं त्यांनी ठरवलं. चुकून जिवंत माणसाचं नाव चढलं तर काय करायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली की मंडळाचा चिटणीस वेदीपाशी उभा राहून ही वही वाचतो. एकेक नाव घेतो आणि थांबतो. मग त्या माणसाच्या घरचं कुणीतरी उभं राहून त्याच्या वतीनं म्हणतं, "हजर." घरचं कुणी उरलं नसेल तर त्याच्या स्टेशनचा माणूस म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यालाही आमच्याकडे कुणी गैरहजर राहू देत नाही.

माझ्या नावाशी आला की हॅकेट म्हातारा एक श्वास घ्यायचा आणि पुढचं नाव वाचायचा, कॉर्नेलियस टूमी. कॉन. माझा मित्र, माझ्याच स्टेशनचा. त्या नावाला मात्र कुणी उत्तर द्यायचं नाही. त्याची बायको डेलिया तिसऱ्या बाकावर बसलेली असायची, ओठ मिटून, आणि घरचं माणूस समोर बसलेलं असताना स्टेशनच्या माणसानं तोंड उघडायचं नसतं.

आता मी जे सांगणार आहे ते वेड्याचं बोलणं वाटेल. हॅकेट जिथं श्वास घ्यायचा ना, माझं नाव जिथं गाळायचा, तिथं मला मागच्या बाकावरून आवाज यायचा. "हजर." गेंगाणा, नाकातून काढलेला. माझाच आवाज. पण मी तर तोंड मिटून बसलेला असायचो. पहिल्या वर्षी मी गर्रकन वळून पाहिलं. मागचं बाक रिकामं होतं. पुढची अठरा वर्षं मी वळून पाहिलं नाही, कारण तो कोण आहे हे मला माहीत होतं.

१७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, आमचं अर्धं गाव दुसऱ्याच्या नावावर कामाला असतं. ज्याला मिरवणुकीत जायचं असतं तो आपली पाळी मित्राला देतो आणि त्याची पाळी पुढं कधीतरी करतो. अशी अदलाबदल नोंदवायची असते, कॅप्टननं तिच्यावर सही करायची असते, पण त्या दिवशी कॅप्टनही डोळेझाक करायचे. इतक्या सह्या कोण करणार? त्या वर्षी मंडळाच्या बॅगपाइप पथकात पहिल्यांदा सगळ्यांत पुढं चालायचा मान मला मिळाला होता, आणि नेमकी माझी पाळी होती. कॉनला सुटी होती.

त्याला घर सोडायचं नव्हतं. डेलियाला आठवा महिना होता. आधीची दोन गेली होती, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून पाय खाली टेकवू नको असं बजावलं होतं. ती बाळंत होईपर्यंत सुटीचा एकही दिवस बाहेर घालवणार नाही, असं त्यानं तिला वचन दिलं होतं. मी त्याला एकदा विचारलं, तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी माझ्या मेलेल्या बापाला मध्ये घातलं. "त्याची फार इच्छा होती रे, मी एकदा पुढं चालावं." बापाची असली काही इच्छा नव्हती. त्याला बॅगपाइपच्या आवाजानं डोकेदुखी व्हायची.

सकाळी आठला स्टेशनात हजेरी झाली. कॅप्टननं "गिलफॉइल" म्हणून हाक मारली आणि कॉननं माझ्यासारखं नाक दाबून म्हटलं, "हजर." सगळे पोट धरधरून हसले. हे मला टीगनं सांगितलं, आमच्या बंबाच्या ड्रायव्हरनं, नंतर दवाखान्यात, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले असताना. सांगता सांगता तो हसला आणि मग रडायला लागला.

दुपारी दोनला सरोवराकाठच्या धान्याच्या कोठाराला आग लागली. धान्याची धूळ पेटली की दारूगोळ्यासारखी उडते. भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. कॅप्टन आणि टीग बेशुद्ध होते, बाकीचे दोघं बोलायच्या अवस्थेत नव्हते, आणि विटांखाली जो सापडला त्याला चेहरा राहिला नव्हता. दुसऱ्या स्टेशनचा चीफ आला, त्यानं आमच्या हजेरीच्या फळ्यावरची नावं वाचली, माणसं मोजली, आणि उरलेलं नाव धरलं, माझं. तेच त्यानं मंडळाला कळवलं, आणि हॅकेटनं ते लगेच वहीत चढवलं.

आमची मिरवणूक तेव्हा मोठ्या रस्त्यावर होती. कोपऱ्यावरच्या स्टेशनात घंटा वाजायला लागली. पाच टोल, थांबा. पाच टोल, थांबा. असं चार वेळा. दलातला कुणी मेला की अशीच वाजते. पथक आपोआप थांबलं. मी टोपी काढली आणि मेलेल्यासाठी प्रार्थना म्हटली. तो कोण हे कुणाला माहीत नव्हतं. घंटेत माझं नाव होतं, आणि मी भर रस्त्यात डोकं उघडं टाकून स्वतःच्या आत्म्याला शांती मागत होतो.

घरी पोचलो तेव्हा फादर लोनर्गन आणि तो चीफ माझ्या स्वयंपाकघरात होते, आणि माझी बायको पेग जमिनीवर बसली होती. मी दारात, पथकाचा घागरा, किल्ट, घातलेला, खांद्यावर बॅगपाइप. पेग अशी किंचाळली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तिनं मला दंडाला, तोंडाला, केसांना हात लावून पाहिला. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला नुसता आनंद झाला होता. मी जिवंत होतो. मग पेगनं विचारलं, "अरे, पण तुझ्या जागी कोण होतं?"

आम्ही तिघं कॉनच्या घरी गेलो. डेलिया पलंगावर उशीला टेकून बसली होती. चीफ बोलला. ती रडली नाही. म्हणाली, "पण त्याला तर ऑफिसनं बोलावलं होतं. सकाळी मला तसंच सांगून गेला." ते वाक्य मीच कॉनला पढवलं होतं. चीफ म्हणाला, "नाही बाई, बोलावलं नव्हतं. अदलाबदल होती." तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अदलाबदल कुणी मागितली, मॅलकी?"

चीफ बघत होता. फादर बघत होते. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खरं आहे.

"त्यानं," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. त्या शब्दानं तिचा नवरा दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी त्याला मी मारलं. आजारी बायकोपाशी दिवसभर बसायचा कंटाळा आला म्हणून तो खोटं बोलून पळाला, असं तिनं धरलं. भिंतीवरचा त्याचा फोटो काढला. मुलगी जन्माला आली, मोयरा, धडधाकट. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचा धर्मपिता म्हणून माझं नाव लावलं. मी त्या घराचं छप्पर शाकारलं, बर्फ उपसलं, मोयराला सायकल शिकवली. "मॅलकी आहे म्हणून," असं डेलिया चारचौघांत म्हणायची, आणि मी ते ऐकून घ्यायचो. फादर लोनर्गनपुढं मी पाप कबूल केलं होतं. ते म्हणाले, "माझी माफी देवाघरी पोचेल, बाबा. दोन गल्ल्यांपलीकडे तुला चालत जावं लागेल." ते काही मला जमलं नाही. पेग सारं जाणून होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा शेवटचं हेच म्हणाली, "सांगून टाक रे बाबा."

यंदाच्या उन्हाळ्यात हॅकेट म्हातारा गेला आणि मंडळानं वही माझ्या हातात दिली. ऑक्टोबरात मोयरा माझ्याकडे आली. एकोणीस वर्षांची झाली आहे. नाक, हनुवटी, सगळं कॉनचं.

"मॅलकीकाका, यंदा वही तू वाचणार ना?"

"हो. तुझा काका आता बडा माणूस झालाय."

"मग आईला सांग की जरा. बाबांच्या नावाला मी हजर म्हणते. ती मला म्हणते, तू उभी राहिलीस तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस. असं काय केलं होतं बाबांनी, असं तिला विचारलं तर बोलत नाही. तुला माहीत आहे का?"

मी म्हटलं, बघतो. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री मी टक्क जागा होतो. मागच्या बाकावरचा तो मला आता घरातही ऐकू यायला लागला. जिना चढताना, नळ सोडताना, हजर. हजर. थट्टेचा सूर नव्हता आता त्यात. कॉन माझ्या नावावर कामाला गेला होता, आणि अजून माझ्याच नावावर उभा होता.

मिस्सेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी चालत गेलो. डेलिया ओट्यापाशी बटाटे सोलत होती.

"ये. किटली ठेवू?"

"नको. आधी ऐक. अदलाबदल मी मागितली होती."

सुरी थांबली. मी सगळं सांगितलं. तीनदा विचारलं ते, बाप मध्ये घातला ते, ऑफिसचं खोटं मी शिकवलं ते. माझा आवाज बोकडासारखा कापत होता. ती वळली नाही.

"तो काय म्हणाला?" तिनं विचारलं. "हो म्हणताना. त्याचे शब्द सांग. तुझे नकोत."

ते मला पाठ होते. "म्हणाला, पाचच्या आत येऊन मला सोडव. चहासाठी तिला उठावं लागता कामा नये."

तिनं सुरी ठेवली, हात पुसले, आणि दार उघडून धरलं. मी बाहेर पडलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. डेलिया तिसऱ्या बाकावर, शेजारी मोयरा. मोयराचे डोळे सुजले होते आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून तिला कळलंय हे मला समजलं. मी वाचायला लागलो. नाव, थांबा, हजर. नाव, थांबा, हजर. पान उलटलं. हॅकेटची काळी शाई समोर आली.

मी ते नाव गाळलं नाही. वाचलं. मोठ्यानं, तारखेसकट. "मॅलकी गिलफॉइल."

लोकांत चुळबुळ झाली. आमच्यात हे फार अशुभ, जिवंत माणसाला मेलेल्यांत हाक मारायची नसते. मागून, अगदी मागून, मला नाकातून श्वास भरल्याचा आवाज आला. तो बोलणार होता. एवढी वर्षं माझ्या बदल्यात बोलत आला तसाच.

त्याच्या आधी मी म्हटलं, "हजर."

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या टीगनं छातीवर क्रुसाची खूण केली. मागून काही आलं नाही.

मग मी वाचलं, "कॉर्नेलियस टूमी."

मी थांबलो. मोयरा उठायला लागली, तर डेलियानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. आणि मग डेलिया त्याच खांद्याचा आधार घेऊन स्वतः उभी राहिली. तिला तो शब्द उच्चारता येईना. तोंड उघडलं, मिटलं. सगळं चर्च ताटकळलं.

"हजर," ती म्हणाली. "इथंच आहे तो."

उरलेली नावं मी कशी वाचली ते मला आठवत नाही.

बाहेर पायऱ्यांवर बारीक बर्फ पडायला लागलं होतं. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो, येणारं जे असेल ते घ्यायला. मोयरा माझ्या बाजूनं, अंग चोरून, निघून गेली. डेलिया थांबली. मी म्हटलं, "डेलिया, मला बोल. काय वाटेल ते बोल."

"एकोणीस वर्षं मी त्याच्याशी भांडले, मॅलकी," ती म्हणाली. "रोज. तो उत्तर देत नाही म्हणून आणखी भांडले. आता घरी जाऊन मला त्याची माफी मागायची आहे. तुझ्यासाठी माझ्याकडे वेळ नाही."

एवढं बोलून तिनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला आणि कठडा धरून ती पायऱ्या उतरायला लागली.